घराची मूठ

आबाने जन्मात कधी 'एक' म्हटले नाही. एकाच्या जागी तो 'लाभ' म्हणायचा. एसटीत कंडक्टरला म्हणे, "चाळीसगाव, लाभ." कंडक्टर नवा असला की चिडायचा. "बाबा, चाळीसगाव उतरायचं का लाभ? लाभ कुठं आलं?" टपरीवर चहा सांगताना लाभ. डॉक्टरने विचारले, दिवसातून किती वेळा परसाकडे जाता, तर तिथेही लाभ. माणसे हसायची. तो हसायचा नाही.

तो माझा चुलतभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. धुळ्याच्या बाजारात त्याने चाळीस वर्षे धान्य मापले. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे बाजारातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण आबाची आणखी एक रीत होती, ती फक्त त्याची. लाभ म्हणून तो गप्प व्हायचा. दोन समोरच्याने म्हणायचे, ज्याचा माल त्याने. मग तीन आबा, चार समोरचा. शेतकरी नवा असला तर तोंडाकडे बघत बसायचा, आणि आबा भरलेले माप हातात धरून तसाच उभा. घाम गळतोय, मागे गाड्या खोळंबल्यात, आडत्या शिव्या देतोय, पण समोरचा बोलल्याशिवाय माप पालथे होणार नाही. म्हणायचा, "मी एकलाच मोजसू तं मी सांगसू तेच खरं. तुनं तू मोज ना भो."

पुढे बाजारात काटे आले आणि मापाडी घरी बसले. आबाची सवय काही घरी बसली नाही.

मी चौथी शिकलो. लाकडाच्या वखारीत ओंडके ओढण्यात हाडे गेली. मला लिहायची सवय नाही. पण बायको जाऊन दोन वर्षे झाली, आबा जाऊन दीड. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितो. लोक मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलतात. मी तसे बोलणार नाही. आबामुळे माझे घर गेले असे मी दोन वर्षे धरून चाललो, आणि दोन वर्षे त्याच्याशी बोललो नाही. आधी ते सांगून टाकतो.

आमची तीन दारे पांझरा नदीच्या काठाला होती. पहिले आबाचे, मधले माझे, तिसरे माझ्या धाकट्या भावाचे. त्याला आम्ही लहान्या म्हणतो, आता साठीचा झाला तरी. दारे तीन, चुली तीन, पण भिंती मधल्या एकमेकांच्या आणि वरचे धाबे एकच, तिघांवर पसरलेले. धाबे म्हणजे मातीचे सपाट छत. त्यावर दर उन्हाळ्याच्या शेवटी खारी टाकावी लागते. खारी ही पांढरट माती, पाणी पडले की फुगून बसते आणि थेंब खाली उतरू देत नाही. आमच्या गल्लीत लोकांनी एकेक करून पत्रे टाकले, स्लॅब टाकले. आबाने आमच्या तिघांचे धाबे मोडू दिले नाही. दरवर्षी खारीची गोणी पाठीवर घेऊन शिडी चढायचा, आणि कुठे गळणार ते पायाने ओळखायचा. भर दुपारी न विचारता आमच्या डोक्यावर धप धप चालायचा.

माझी बायको त्याची भावजय. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलायचे नाही, ही आमच्याकडची चाल. म्हणून ती भिंतीशी बोलायची. खाली बसून कणीक मळता मळता मोठ्याने म्हणायची, "भिंतमाय, सांग ना वं वर चालणाराले, पीठमा माती पडी ऱ्हायनी!"

वरून आबा भिंतीलाच उत्तर द्यायचा. "तिले सांग, खाई ले म्हना. पोटले बी धाबं लागस."

पंचेचाळीस वर्षे ती दोघे असे बोलली. मध्ये भिंत. मी घरात असून नसल्यासारखा. मला कधी कधी वाटायचे, या दोघांचे जेवढे बोलणे होते तेवढे माझे आणि तिचे होत नाही. ते खरेच होते. मी घरी आलो की जेवायचो आणि झोपायचो.

आबाची बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बाळंतपणात गेली, मूलही गेले. त्याने दुसरी केली नाही. मी एकदा विचारले, का रे बाबा, चांगली स्थळे आली होती. म्हणाला, "माप एकदाच भरतस." मला तेव्हा ते मूर्खपणाचे वाटले.

भिंतीत खिळा ठोकला की तो यायचा. आपल्या भिंतीत नाही, माझ्या भिंतीत ठोकला तरी यायचा. दारात उभा राहून म्हणे, "तिले इचारं का?" मी म्हणालो, कोणाला? "भिंतले." मी म्हणालो, "आबा, तू वेडा आहेस." तो म्हणाला, "शे ना. पण इचारत जाय." आणि खिळ्याभोवती बोटाने माती चेपून निघून जायचा.

आता कानबाईचे सांगतो, त्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, डोळे, साडी. एका भाऊबंदकीची कानबाई एका घरी बसते, थोरल्याच्या. आमची आबाकडे. तिच्यासाठी रोट करतात. रोटाचे गहू मोजून घ्यायचे, घरातल्या एकेका पुरुषामागे सव्वा मूठ. ते दळायचे, त्याच पिठाच्या पुरणपोळ्या, आणि त्या फक्त भाऊबंदांनी खायच्या. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. ज्यांचा रोट एक ते सगळे एक. रोट वेगळा केला म्हणजे नाते तुटले. आमच्या एका चुलत्याने रागाच्या भरात कानबाईपुढे म्हटले, आमचे वेगळे. पुन्हा आमच्या पंगतीला बसला नाही. मेला तेव्हा खांद्याला माणसे शोधावी लागली. हे आम्ही लहानपणी पाहिले होते. म्हणून कानबाई बसलेली असताना 'वेगळे' हा शब्द आमच्या घरात कोणी तोंडातून काढत नाही.

गहू मोजायचे काम अर्थातच आबाचे. पोते पुढ्यात घेऊन बसायचा, हात घालायचा, मूठ टोपल्यात टाकायचा. "लाभ." ही त्याची स्वतःची. मग माझ्याकडे बघायचा. मी माझ्या हाताने मूठ टाकून म्हणायचे, "दोन." मग लहान्या, "तीन." मग आमची पोरे, वयाप्रमाणे. प्रत्येकाने आपली मूठ आपण टाकायची आणि आपला आकडा आपण बोलायचा. इतर भाऊबंदकीत असे नाही, एकजण सगळे मोजतो. आमच्याकडे आबामुळे असे.

सगळ्यांचे झाले की आबा आणखी एक मूठ टाकायचा. आकडा नाही. लहान्या दरवर्षी मुद्दाम विचारायचा, "हाई कोनी?"

"हाई घरनी."

घर पण भाऊबंद आहे म्हणे, ते पण जेवते. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. गंमत म्हणजे त्या बायांची मूठ कोणी धरायचे नाही. दळायचे त्यांनी, पुरण वाटायचे त्यांनी, रोट लाटायचे त्यांनी. मूठ फक्त पुरुषांची. माझ्या बायकोने पंचेचाळीस वर्षे ते पीठ दळले आणि त्यात तिची एक मूठ नव्हती. माझ्या कधी डोक्यातही आले नाही.

मग नदीकाठाने मोठा रस्ता करायचे ठरले. रस्ता, बाजूला बाग, फिरायला फरशी. आमची गल्ली मध्ये येत होती. ज्यांची घरे जातील त्यांना देवपूरच्या पलीकडे नव्या इमारतीत घर मिळणार होते, एका कुटुंबाला एक. एकत्र राहणारे असतील तर एक, वेगळे राहणारे असतील तर वेगळी. त्यासाठी माणसे घरोघर विचारत यायची होती. गल्लीत सगळ्यांनी तयारी केली. समोरच्याने एका घरात तीन स्टोव्ह मांडले आणि सासू-सुनेचे भांडण आहे असे सांगायचे पाठ केले. आम्हाला खोटे बोलायची गरजच नव्हती. आमची दारे तीन, चुली तीन. खरे सांगितले असते तर तीन घरे.

माझ्या बायकोला त्या घराची ओढ लागली होती. रोज बोलायची. मी म्हणालो, तिसरा मजला मिळाला तर? तुझे गुडघे? म्हणाली, "गुडघे गेले तं जाऊ द्या. दार माझं पाहिजे. कडीवालं." आमच्या मधल्या घराला धड कडी नव्हती. तिघांची येजा, पोरांची येजा, आबाची शिडी आमच्याच अंगणातून. ती लग्न होऊन आली तेव्हापासून एक दार आतून लावून बसायचे एवढेच तिला हवे होते. दुसरे कधी काही मागितले नाही. हे मला माहीत होते. माहीत असून जे झाले ते झाले.

सुट्टीच्या दिवशी माणसे घरी सापडतात म्हणून ते रविवारी आले. तोच रविवार कानबाईचा. एक पोरगी आणि एक पोरगा, हातात टॅब. पोरगी चांगली होती. चप्पल बाहेर काढून, देवीला हात जोडून आत आली. कानबाई समोर बसलेली. माझी बायको आणि लहान्याची बायको चुलीपाशी रोट लाटत होत्या. लहान्या केळीची पाने आणायला बाजारात गेलेला. आबा देवीच्या बाजूला, मी दारात.

पोरगी म्हणाली, "बाबा, या तीन दारांत कुटुंबं किती?"

आबा म्हणाला, "लाभ."

ती गोंधळली. "म्हणजे?"

आणि मी म्हणालो, "लाभ म्हणजे एक."

माझ्या तोंडून ते गेले. सवयीने गेले. बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात, आयुष्यभर मी त्याचे लाभ लोकांना समजावून सांगत आलो होतो.

पोरगी टॅबवर बोट धरून थांबली. "एक. आणि?"

आबा काही बोलला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. गहू मोजताना पाहायचा तसे. माझ्या डोळ्यांसमोर कानबाई. तिच्यापुढे मी म्हणू, आमचे वेगळे? मला तो चुलता आठवला. मी मान खाली घातली. चुलीपाशी लाटण्याचा आवाज थांबला. माझी बायको पिठाच्या हातांनी बसून माझ्याकडे बघत होती. ओठ हलले. जेठ समोर, परके समोर, ती मोठ्याने बोलू शकत नव्हती. पण मला कळले. ती म्हणत होती, "बोला ना."

मी डोळे वटारले. गप्प बस म्हणून.

पोरगी म्हणाली, "म्हणजे तिन्ही दारं मिळून एकच? नक्की ना, काका?"

मी मान हलवली. तिने लिहून घेतले. लाटणे परत सुरू झाले.

यादी लागली तेव्हा आमच्या तीन घरांपुढे एक घर. आबाच्या नावाने. लहान्याने गल्ली डोक्यावर घेतली. आबाच्या दारात जाऊन नको ते बोलला. हरकत घ्यायला मुदत होती. ज्याने माहिती दिली त्याने आधीची माहिती चुकीची होती असे लिहून द्यायचे, मग पुन्हा बघू, असे तिथल्या बाबूने सांगितले. माहिती देणारा म्हणून नाव आबाचे लागले होते, म्हणून मी आणि लहान्या कागद घेऊन आबाकडे गेलो.

आबाने कागद घेतला, पाहिला, परत दिला. "मी खोटं बोलनू नही."

लहान्या ओरडला, "तीन चुली आहेत आंधळ्या! दिसत नाहीत तुला?"

"मी मनं मोजं."

"आमचं काय मग?"

"मी मनं मोजं," आबा पुन्हा म्हणाला.

माझे मी मोजले, एवढेच त्याचे पालुपद. आम्हाला वाटले, हट्ट. म्हातारा हट्टाला पेटला. मी म्हणालो, "आबा, तू आमचं घर खाल्लं. आजपासून तू मला मेलास." असे म्हणालो. थुंकलोही. बायको दारात उभी होती, तिने ऐकले. मला वाटले ती आबाला बोलेल. ती भिंतीलाही काही बोलली नाही. तेव्हापासून माझ्याशीही कमी बोलू लागली. मी समजलो, घर गेले म्हणून दुःखात आहे.

घर पाडायची नोटीस चिकटली आणि उन्हाळा संपत आला. एके दुपारी डोक्यावर धप धप ऐकू आले. लहान्या अंगणात जाऊन वर बघून म्हणाला, "अरे, पंधरा दिवसांनी मशीन येणार! पाडायच्या घराला खारी?"

आबा गोणी ओतत म्हणाला, "मरेल माणूसले बी आंघोय घालतस ना."

तीन दारांचे सगळे धाबे त्याने सारवले, लहान्याच्या घरावरचेही. लहान्या खाली शिव्या देत होता आणि त्याच्या डोक्यावर खारी पसरत होती. मशीन आले तेव्हा वरची ती पांढरी माती सगळ्यात आधी उडाली. आम्ही सगळे पांढरे झालो. आबाने तोंड पुसले नाही.

लहान्या बायकोमुलांना घेऊन मुक्ताईनगरला सासुरवाडीला गेला. म्हणाला, एका घरात तीन बिऱ्हाडे कोंबायला आम्ही कोंबड्या नाही. माझा मुलगा चाळीसगावला दुकानात कामाला, तिकडेच राहतो. नव्या घरात आम्ही तिघे. तिसरा मजला, एक खोली, स्वयंपाकघर, मोरी. चावी आबाला मिळाली. त्याने ती मला दिली नाही. उंबऱ्यावर ठेवली, चार पावले मागे सरकला आणि जिन्याच्या भिंतीला म्हणाला, "तिले सांग, दार तिनं शे."

बायकोने पदर सावरून चावी उचलली.

आबाने आपली पत्र्याची पेटी आणि वळकटी बाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवली. आत झोपायला आला नाही. जेवायचे ताट ती उंबऱ्यावर ठेवायची. मी त्याच्याशी बोलत नव्हतो. बिल्डिंगमधली माणसे विचारायची, हे बाबा कोण? मी म्हणायचो, घरमालक. खरेच होते ते.

दुपारी दोनला बायको दार लावायची. आतून कडी. मी घरात असलो तरी कडी, कोणी येणार नसले तरी कडी. मग गुडघे पसरून भिंतीला टेकून बसायची, अर्धा तास, पाऊण तास. काही करायची नाही. पहिल्या दिवशी मी विचारले, काय करतेस? म्हणाली, "बसली." मला ते बायकी खूळ वाटले. बाहेर आबा दाराला पाठ लावून बसलेला असायचा. कोणी बेल वाजवायला आले की बोट ओठावर ठेवायचा. सेल्समन, कचरेवाला, शेजारीण, सगळ्यांना परत लावायचा. मला वाटायचे, म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही.

त्या श्रावणात कानबाई कुठे बसवायची हाच प्रश्न. लहान्या येणार नाही म्हणाला होता, पण त्याने आपले दोन मुलगे पाठवले. रोट तोडायची हिंमत त्याचीही झाली नाही. खोलीत चौरंग मांडला. आबा पॅसेजमधून पहिल्यांदा आत आला आणि गव्हापुढे बसला. लाभ. मी दोन म्हणालो, त्याच्याकडे न बघता. पोरे आपापले आकडे बोलली. लहान्याची मूठ त्याच्या थोरल्याने टाकली. शेवटी आबाचा हात गव्हात गेला, आणि रिकामा बाहेर आला.

बायको मोरीच्या दाराशी उभी होती. पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "भिंतमाय, घरनी राहिनी ना."

आबा म्हणाला, "घर कोठे शे आते?"

"मंग हाई काय शे?" ती म्हणाली. आणि त्या सिमेंटच्या भिंतीवर तिने तळहात मारला.

आबाने भिंतीकडे पाहिले. उठला, बोटाने ठोकून पाहिली. "पोकळ शे," म्हणाला. पण परत बसला आणि मूठ टाकली.

पुढच्या उन्हाळ्यात अवकाळी आला आणि तिच्या अंथरुणावर छत ठिबकायला लागले. आम्ही वरच्या टाकीचे पाणी असेल म्हणालो, कोणी येऊन बघून गेले, काही झाले नाही. ती तोवर फार थकली होती. श्वास चढायचा. मी बादली ठेवली. आबा दोन दिवस दिसला नाही. तिसऱ्या दिवशी रिक्षातून सहा गोण्या खारी घेऊन आला. कुठून आणली देव जाणे. शहात्तर वर्षांचा म्हातारा, चार मजले, सहा खेपा. गच्चीची चावी त्याने वॉचमनला काय सांगून मिळवली तेही कळले नाही. दुपारी आमच्या डोक्यावर धप धप सुरू झाले.

बायको अंथरुणावर पडली होती. ऐकून हसली. महिनाभरात हसली नव्हती. क्षीण आवाजात म्हणाली, "सांग ना वं त्यासले, माती पडी ऱ्हायनी."

स्लॅबमधून माती कशी पडेल. पण ती म्हणाली. आणि ठिबक थांबली, खरे सांगतो. आठ दिवस थांबली. मग पाऊस झाला, खारी वाहून पाइपात बसली, गच्ची तुंबली. बिल्डिंगची माणसे आबाच्या अंगावर धावून आली. "म्हाताऱ्या, ही काय खेड्यातली झोपडी आहे?" त्यांनी मजूर लावून सगळी खरवडून काढली. आबा जिन्यात उभा राहून बघत होता. ठिबक परत सुरू झाली.

श्रावण सरला आणि ती गेली. शेवटी दवाखान्यात न्यायला लिफ्ट नव्हती. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन मजले उतरवली. मी पाठीमागून धरली होती, शेजारच्यांनी बाजूने, आणि पुढचा पाय आबाने. पंचेचाळीस वर्षांत तो तिच्या इतक्या जवळ कधी आला नव्हता. ती डोळे मिटून होती. तिने पदर ओढायला हात उचलला, पण तो पोचला नाही. आबाने मान वळवली आणि भिंतीकडे बघत पायऱ्या उतरला.

ती गेल्यावरही मी त्याच्याशी बोललो नाही. माझ्या डोक्यात एकच बसले होते. तीन घरे मिळाली असती तर तळमजला मागता आला असता. तळमजला असता तर ती जगली असती. माणसाला कोणावर तरी टाकायचे असते.

सहा महिन्यांनी आबा पडला. दवाखान्यात मुलगा म्हणाला, "बाबा, जा आता. शेवटचं आहे." गेलो. खाटेपाशी उभा राहिलो. दोन वर्षांनी तोंड उघडले आणि काय म्हणालो, तर, "आबा, एवढं लिहून दिलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

त्याने डोळे उघडले. आवाज घशातून येत नव्हता, मी वाकलो.

"मी मनी मूठ टाकी," तो म्हणाला. "दोन तुले म्हननं व्हतं."

मला आधी समजले नाही. मग समजले. बाजारातले ते भरलेले माप डोळ्यांपुढे आले, हातात धरून तसाच उभा, समोरचा बोलत नाही तोवर. त्या रविवारी त्याने फक्त आपले सांगितले होते. आबा, एकटा जीव, कुटुंब एक. लाभ. आणि माझ्याकडे पाहिले होते. ती पोरगीसुद्धा 'आणि?' म्हणाली होती. सगळे थांबले होते. बायको थांबली होती, पिठाच्या हातांनी.

मी म्हणालो, "मग नंतर सांगायचं तरी! दोन वर्षं शिव्या खाल्ल्यास."

"तुनं मी कसं मोजू?" एवढे म्हणून त्याने डोळे मिटले. पुन्हा बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गेला.

मधले एक वर्ष सुतकात गेले, कानबाई बसवली नाही. यंदा बसवली. आता थोरला मी. मुलगा-सून चाळीसगावहून आले, लहान्या मुक्ताईनगरहून आला, बायकोमुलांसह. बऱ्याच वर्षांनी खोली भरली. गव्हाचे पोते माझ्यापुढे ठेवले. मी हात घातला, मूठ टोपल्यात टाकली. "लाभ."

लहान्या दोन म्हणायला हात पुढे करू लागला. मी म्हणालो, "थांब." परत हात घातला, माझी मूठ टाकली, म्हणालो, "दोन."

लहान्या म्हणाला, "तुझी तर झाली ना?"

"पहिली तुझ्या वहिनीची."

सून मुलाकडे बघायला लागली. लहान्या हलक्या आवाजात म्हणाला, "भाऊ, बायांची मूठ नसते. कानबाई समोर बसणार आहे. असं उलटसुलट करू नको."

मी म्हणालो, "कानबाईपुढे मी एकदा गप्प बसलो. तेवढं पुरे झालं."

लहान्याने मान खाली घातली. मग पोत्यात हात घातला. "तीन." पोरांनी चार, पाच, सहा केले. शेवटी मी घराची मूठ टाकली, आकडा न बोलता. या वेळी लहान्याने विचारले नाही, हाई कोनी. आबा ज्याला घर म्हणायचा ते कोण, हे मीही त्याला कधी विचारले नव्हते. विचारायला हवे होते.

सोमवारी सकाळी सगळे कानबाई पांझरेत शिरवायला गेले. जिथे आमची दारे होती तिथूनच आता नदीत उतरायला पायऱ्या केल्या आहेत. मी गेलो नाही. गुडघे आहेत म्हणालो.

झाकून ठेवलेले रोट होते. सगळे पीठ एकत्र मळलेले, कोणता रोट कोणत्या मुठीचा हे सांगता येत नाही. मी एक घेतला. दाराला आतून कडी लावली. ती बसायची त्या भिंतीला टेकून, पाय पसरून बसलो आणि खाल्ला. बाहेर दाराला पाठ लावून बसणारे कोणी नव्हते.